टोमॅटोची रोपं दरवर्षी आडवी पडतात? आधी मान तपासा

संध्याकाळी ट्रे हिरवागार दिसतो, प्रत्येक रोपाची दोन पानं उघडलेली असतात. सकाळी गच्चीवर जावं तर एका कोपऱ्यातली रोपं मातीवर लोळत पडलेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारची, आणि आठवडा संपायच्या आत ट्रे मोकळा. इंदूरमध्ये गणपती ते दिवाळी या दिवसांत घरी टोमॅटोचं बी टाकणाऱ्या बहुतेकांनी हे पाहिलेलं आहे. त्यावरचा निष्कर्षही ठरलेला: बी खराब निघालं. मग पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचं, जरा महागातलं पाकीट येतं आणि पुन्हा तेच.

जे बी उगवून वर आलं, दोन पानं उघडून उभं राहिलं, त्याने आपलं काम चोख केलेलं असतं. दोष बहुतेक वेळा मातीच्या वरच्या बोटभर थरात असतो. तो थर सतत ओला राहतो आणि रोपाची कोवळी मान त्यातच असते. मूळ ओलं आणि मान कोरडी, एवढं साधलं की निम्म्याहून जास्त रोपं वाचतात, आणि त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक वस्तू घरातच असतात.

पडलेलं रोप उचलून पाहा

एक आडवं रोप उचलून उजेडात धरा. देठ मातीतून बाहेर येतो त्या जागी, म्हणजे मानेशी, काय दिसतं यावर पुढचं सगळं ठरतं. तिथला भाग आधी पाणचट, मग तपकिरी आणि शेवटी भिजलेल्या दोऱ्यासारखा बारीक झालेला असेल, नखाने हलकंच दाबलं की साल सरकत असेल, रोप ओढलं की मुळं मातीत राहून वरचा भाग हातात येत असेल, तर हा रोपं कोलमडण्याचा रोग. शेतकरी त्याला मर किंवा रोपमर म्हणतात. वरची दोन पानं या वेळी अजून हिरवी, टवटवीत असतात. पानं ताजी आणि मान गेलेली, ही त्याची पक्की खूण. म्हणूनच पहिल्या दिवशी कुणाला संशय येत नाही. ‘पाणी कमी पडलं असेल’ म्हणून वरून आणखी एक तांब्या ओतला जातो आणि उरलेलीही जातात.

मान शाबूत आणि घट्ट आहे, पण देठ लांबुळका, फिकट आणि एका बाजूला वाकलेला असेल तर तिथे रोग नाही, उजेड कमी पडतोय. ट्रे खिडकीत किंवा जिन्याखाली ठेवला की असं होतं. ही रोपं वाया जात नाहीत. टोमॅटोच्या देठाला मातीत गाडलं की त्यावर नवी मुळं फुटतात, त्यामुळे पहिली खरी पानं आली की अशी रोपं बीजपत्रांपर्यंत, म्हणजे उगवताना उघडलेल्या पहिल्या दोन पानांपर्यंत (खरी पानं त्यांच्यानंतर येतात), खोल गाडून दुसऱ्या कपात लावा आणि सकाळच्या उन्हात आणा. मान कुजलेल्या रोपावर मात्र हा प्रयोग करू नका, कूज आणखी खोल जाते एवढंच.

देठ साफ कापलेला, वरचा तुकडा बाजूला पडलेला किंवा गायबच असेल तर ते अळीचं, गोगलगाईचं किंवा खारीचं काम. रात्री टॉर्च घेऊन एक फेरी मारा, चोर सापडतो. दुपारी माना टाकणारी आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहणारी रोपं उन्हाने किंवा तहानेने दमलेली असतात, त्यांना सावली द्या.

फुलावर आलेलं मोठं झाड हिरवंच असताना दोन दिवसांत सुकलं तर तो वेगळा विषय. त्याच्या देठाचा बुंध्याजवळचा तुकडा कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात टांगा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधाळ धारा खाली उतरताना दिसल्या तर तो जिवाणूजन्य मर रोग. ते झाड मातीसकट काढावं लागतं.

आणि रोपं वर आलीच नसतील तर? दहा-बारा दिवस झाले की टूथपिकने जरा उकरा. बी कडक आणि जसंच्या तसं सापडलं तर त्याला ओल मिळाली नाही. दाबल्यावर चिखल झालं किंवा निघालेलं मूळ टोकाशी तपकिरी असलं तर तो हाच रोग, फक्त जमिनीखाली लागलेला.

बियाण्याबद्दल मनात शंका राहूच नये म्हणून टाकण्याआधी दहा बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. फडकं ओलं हवं, ठिबकणारं नको. आठवड्याभरात सात किंवा जास्त बियांना मोड आले तर पाकीट चांगलं आहे. कोरड्या जागी ठेवलेलं टोमॅटोचं बी चार-पाच वर्षंही उगवतं, तेव्हा मागच्या वर्षीचं पाकीट फेकायची घाई नको.

मान कुजवतं कोण

पिथियम, फायटोप्थोरा, रायझोक्टोनिया, फ्युजेरियम अशी मंडळी यामागे असतात. काही खऱ्या बुरश्या, काही बुरशीसारखे जीव. घरच्या ट्रेमध्ये पिथियमकडे विशेष लक्ष द्यायला हवं, कारण त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. मातीच्या कणांमध्ये पाण्याचा सलग थर असला की ते एका रोपाच्या मुळापासून दुसऱ्यापर्यंत सहज पोहोचतात. ट्रे एका कोपऱ्यापासून रिकामा होत जातो तो यामुळे. त्याचे जाड सालीचे बीजाणू जुन्या मातीत वर्षानुवर्षं तग धरतात, म्हणूनच त्याच कुंडीत, त्याच मातीत दरवर्षी तीच कथा घडते.

रोपाच्या बाजूने पाहिलं तर धोका फार दिवसांचा नसतो. नुकत्याच उगवलेल्या देठाच्या पेशी कोवळ्या असतात, त्या अजून लाकडासारख्या टणक व्हायच्या असतात. साधारण तीन आठवड्यांत, दोन-तीन खरी पानं येईपर्यंत, देठ निबर होतो आणि मग हे जीव त्याला सहसा आडवं पाडू शकत नाहीत. सगळी काळजी या तीन आठवड्यांची आहे.

रोगप्रतिकारक बियाण्यांबद्दलही बोलायला हवं, कारण बरेच जण तिथे पैसे घालतात. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का रक्षक हे संकरित वाण चांगलंच आहे, पण त्याची ताकद तीन रोगांसाठी आहे: पानं वळवणारा लीफ कर्ल विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा. रोपं कोलमडणं त्या यादीत नाही. ट्रे चिखलात ठेवला तर अर्का रक्षकची रोपंही साध्या गावरान टोमॅटोसारखीच पडतील.

आपल्याकडे हे इतकं का होतं

पहिलं कारण वेळेचं. हिवाळ्यात फळं हवी असतील तर इंदूरला बी सप्टेंबरमध्ये टाकावं लागतं, आणि पाऊस माघारी जातो तो महिनाअखेरीस किंवा ऑक्टोबर उजाडल्यावर. म्हणजे बी उगवतं ते नेमकं दमट, ढगाळ, उबदार हवेत. पावसाच्या झडीला ट्रे उघड्या गच्चीवर राहिला तर बाकी काहीही करा, रोपं जाणार. ट्रेवर छप्पर हवं, पण हवा खेळती हवी. पत्र्याच्या शेडची कड किंवा गॅलरीतला पूर्वेकडचा कठडा उत्तम.

दुसरं कारण नळाचं, आणि ते क्वचितच कुणाच्या लक्षात येतं. आपलं नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून वर चढवून आणलेलं, आणि बऱ्याच भागांत ते एक दिवसाआड येतं. त्यामुळे झाडांना पाणी घालण्याचं वेळापत्रक नळाच्या वेळापत्रकाला बांधलेलं असतं. नळाच्या दिवशी सगळ्या कुंड्या भरभरून, वर बी टाकलेल्या ट्रेवरही एक हात. मोठ्या झाडांना हे चालतं. बोटभर रोपाला पाणी नळाच्या वारावर नाही, मातीच्या ओलाव्यावर द्यायचं असतं. आणि मधल्या दिवसासाठी गच्चीवर उघड्या ड्रममध्ये साठवलेलं, तळाशी पालापाचोळा बसलेलं, कडेला शेवाळ धरलेलं पाणी म्हणजे पिथियमला आयतं घर. रोपांसाठी झाकलेल्या भांड्यात वेगळं पाणी ठेवा. ट्रेला रोज लागतंच किती, लिटरभर पुरतं.

तिसरं कारण कंपोस्ट. ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय आता घराघरांत आहे, अनेकांच्या गच्चीवर खताची बादली असते, आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण बादलीत भाजीची देठं अजून ओळखू येत असताना ते काळं मिश्रण बी पेरायला वापरलं की घात होतो. अर्धवट कुजलेल्या खतात कुजवणारे जीव भरपूर असतात आणि कोवळी मान त्यांना वर्ज्य नसते. खत मुरवण्याच्या कामात या शहराचं नाव जगभर आहे. 1924 मध्ये इथे सुरू झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्र भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून खत करण्याची पद्धत बसवली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. त्या पद्धतीतही ढीग पुन्हा पुन्हा उलटून खत व्हायला तीन महिने लागतात. आपल्या झाकणबंद बादलीतलं खत महिन्याभरात कसं मुरेल?

मुरलंय का हे तपासायला मेथी पुरते. वाटीभर खत ओलं करून त्यात चिमूटभर मेथी टाका. चार-पाच दिवसांत दाट, सरळ उगवली तर खत तयार आहे. विरळ उगवली, मुळं तपकिरी दिसली किंवा खताला आंबूस, अमोनियाचा वास आला तर त्याला आणखी दोन महिने द्या. आणि तयार खतही बी टाकायच्या मिश्रणात नको, ते पुढच्या कुंडीसाठी ठेवा. उगवणाऱ्या बीला दोन पानं उघडेपर्यंतचा शिधा बीमध्येच असतो. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, भाज्या धुतलेलं पाणी, हे लाड त्याला नकोत.

माळव्याच्या काळ्या मातीबद्दल थोडक्यात: गव्हा-सोयाबीनला ती सोनं आहे, कपातल्या रोपाला नाही. ओली झाली की फुगून चिकट होते, हवा कोंडते, सुकली की आवळते आणि कोवळी मुळं तोडते. मोठ्या कुंडीत तिसरा हिस्सा घाला, ट्रेमध्ये अजिबात नको.

डबा, वाळू, परात

शेजारच्या काकू दरवर्षी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत रोपं करतात. यंदाही पडायला लागली तेव्हा त्यांनी मला डबा दाखवायला आणला. ‘अगं, रोज मोजून एकच पेला घालते, त्यातही जास्त झालं का?’ डबा उलटा करून पाहिला तर तळाला एकच भोक, तेही कोकोपीटने, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाने, गच्च बुजलेलं. जरासा तिरका केला आणि कडेने मातकट पाणी ओघळलं. म्हटलं, ‘काकू, पेला एकच, पण कालचाही आतच आहे आणि परवाचाही.’ खिळा गॅसवर तापवून तळाला सहा भोकं पाडली, दोन बाजूच्या भिंतीत अगदी खाली, म्हणजे डबा सपाट जागी ठेवला तरी पाणी निघत राहील.

डबे जुने असतील तर आधी साबणाने घासा, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, धुवा आणि उन्हात सुकवा. भरण्यासाठी तीन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेली जाड वाळू घ्या. कोकोपीटची वीट भिजवून फुलली की दोन-तीन पाण्यांनी धुऊन पिळून काढा, त्यात क्षार असतात. बाग जुनी असेल आणि रोग दरवर्षी येत असेल तर भरलेल्या डब्यांवर उकळतं पाणी ओतून निथळू द्या आणि पूर्ण गार झाल्यावर बी टाका. मोठ्या प्रमाणावर माती शुद्ध करायची असेल तर त्यासाठी मे महिना आहे: माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवायची. काळं प्लास्टिक नको, त्यातून ऊन मातीपर्यंत पोहोचत नाही.

बी अर्धा सेंटीमीटर खोल आणि एकमेकांपासून तीन सेंटीमीटरवर टाका. दाटी केली की पानं भिडतात, खाली हवा फिरत नाही आणि बीजाणूंचा प्रवासही सोपा होतो. एका कपात एक बी हे सगळ्यात चांगलं. आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: बी झाकायला माती किंवा कोकोपीट वापरू नका, धुतलेली जाड वाळू वापरा. तिचा अर्ध्या सेंटीमीटरचा थर खालच्या ओलीला धरून ठेवत नाही, तासाभरात वरून कोरडा होतो. रोपाची मान या कोरड्या वाळूत असते आणि मुळं खालच्या ओल्या कोकोपीटमध्ये. एका उपायाची निवड करायची असेल तर मी हीच करेन.

पाणी खालून द्या. परातीत दोन सेंटीमीटर पाणी घेऊन त्यात डबे पंधरा-वीस मिनिटं ठेवा, वरची वाळू जराशी काळपट दिसायला लागली की बाहेर काढा आणि उरलेलं पाणी फेकून द्या. ते दुसऱ्या ट्रेला वापरू नका. पुन्हा पाणी केव्हा हे डबा उचलून ठरवा. ओला आणि सुका डबा हातात वेगळा लागतो, दोन-तीन दिवसांत अंदाज येतो. पाणी नेहमी सकाळी, म्हणजे रात्रीपर्यंत वरचा थर सुकतो.

उगवेपर्यंत वर प्लास्टिक झाकायला हरकत नाही, पण पहिलं रोप वाकडी मान बाहेर काढताना दिसलं की त्याच दिवशी ते काढा. ‘अजून चार उगवायची आहेत’ म्हणून थांबू नका, ती उगवतात. त्याच दिवसापासून चार-पाच तास सकाळचं ऊन द्या. ढगाळ दिवस असतील तर टेबलफॅन सगळ्यात कमी वेगावर दिवसातून दोन-तीन तास, रोपं जेमतेम हलतील एवढाच. हलल्याने देठही जाड होतो.

ट्रायकोडर्मा हा चांगला सोबती आहे, पण ती रोग करणाऱ्या बुरश्यांना रोखणारी जिवंत बुरशी आहे हे विसरू नका. दुकानात उन्हात पडलेलं, मुदत संपलेलं पाकीट म्हणजे नुसती पांढरी भुकटी. तारीख पाहून घ्या, सावलीत ठेवा. ओलसर बी चिमूटभर भुकटीत घोळवून लगेच टाका. बी गुलाबी किंवा निळं असेल तर त्यावर आधीच औषधाचा लेप आहे, तिथे ट्रायकोडर्माची गरज नाही. ते हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि मुलांच्या हाती देऊ नका.

आजच रोपं पडत असतील तर

पडलेली रोपं उभी होत नाहीत, त्यांना काडीचा आधार देत बसू नका. ती आणि त्यांच्या भोवतीचा दोन-तीन सेंटीमीटर घेर चमच्याने मातीसकट उचलून टाका. कंपोस्टच्या बादलीत नाही, कचऱ्याच्या गाडीत. खड्ड्यात कोरडी वाळू भरा. पाणी पूर्ण बंद, वरच्या थराला तडे दिसेपर्यंत. ट्रे उन्हात आणि वाऱ्यावर. उरलेल्या रोपांना एक जरी खरं पान फुटत असेल तर ती लगेच वेगवेगळ्या स्वच्छ कपांत हलवा. हलवताना देठाला हात लावू नका, पानाला धरा. पान तुटलं तर दुसरं येतं, देठ चिमटला की त्याच जागी कूज सुरू होते.

हळद किंवा दालचिनीची पूड बरेच जण भुरभुरतात. त्यावर मदार ठेवू नका, पुडीखालची माती ओलीच राहते. रोग झपाट्याने पसरत असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराईड 50 टक्के भुकटी लिटरभर पाण्यात 3 ग्रॅम मिसळून मुळांपाशी एकदा ओता (यालाच आळवणी म्हणतात), हातमोजे घालून. ते बुरशीनाशक असल्यामुळे ट्रायकोडर्मालाही मारतं, दोन्ही एका वेळी देऊ नका.

मातीवर बारीक काळ्या माश्या उडताना दिसल्या तर त्यांच्या अळ्या ओल्या थरात मुळं कुरतडत असतात आणि रोगाला वाट करून देतात. वरचा थर सुकला की त्याही कमी होतात. तोवर एक पिवळा चिकट सापळा ट्रेपाशी खोचून ठेवा.

दोन खरी पानं आल्यावर लिटरला अर्धा ग्रॅम 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) आठवड्यातून एकदा, खालूनच. डिसेंबरात उगवलेल्या रोपांची पानं खालून जांभळट दिसली तर घाबरू नका. थंडीत मुळं स्फुरद नीट उचलत नाहीत, दोन उबदार दिवस मिळाले की रंग परत येतो.

पुन्हा पेरायचं तर केव्हापर्यंत? अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) होऊन गेल्यावर टाकलेलं बी गेलं तरी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बिनधास्त पुन्हा टाका. तोवर पाऊस गेलेला असतो, हवा कोरडी असते आणि दुसऱ्या खेपेची रोपं पहिल्यापेक्षा सोपी जातात. त्याहून उशीर झाला तर झाड फुलावर येतं ते ऐन थंडीत, आणि रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरला की फळधारणा अडते. मग घाई न करता डिसेंबरच्या शेवटी घरात, उबदार कोपऱ्यात बी टाका आणि फेब्रुवारीत कुंडीत लावा. त्या झाडांची फळं एप्रिलच्या उन्हाला भिडतात, म्हणून तेव्हा मोठ्या फळांच्या वाणाऐवजी चेरी टोमॅटो निवडा, तापलेल्या हवेत तो जास्त फळं धरतो.